मदत हवी आहे: आईच्या शस्त्रक्रियेसाठी ३ लाख कमी पडतात. पर्सनल लोन घ्यावं की ठेव मोडावी?

नमस्कार. चार दिवस रोज रात्री वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसते आहे, तरी निर्णय होत नाही. म्हणून विचारते.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. विम्याचे पैसे धरूनही ३ लाख कमी पडतात. जिना चढताना ती चौथ्या पायरीवर थांबते, दोन्ही हातांनी कठडा धरते, आणि मी मागे आहे हे कळलं की काहीतरी विषय काढून बोलायला लागते, जणू बोलण्यासाठीच थांबली होती. त्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकला, हे कृपया कुणी सुचवू नका.

घरखर्च आणि मुलीची फी जाऊन महिन्याला १३ हजार उरतात. २ लाखांची मुदत ठेव आहे, ७ टक्क्यांची, मुदत संपायला अजून १४ महिने आहेत. क्रेडिट कार्डावर ४० हजार थकलेत, सगळे आईच्या तपासण्यांचे. दर महिन्याला कमीत कमी रक्कम तेवढी भरत आलोय.

कर्जाची दोन ठिकाणी चौकशी केली. एकीकडे १४ टक्के, दुसरीकडे १०. साहजिकच १० टक्केवाल्यांना मी जवळजवळ हो म्हणून आले. घरी येऊन कागद वाचला तर दरापुढे बारीक अक्षरात 'फ्लॅट' लिहिलेलं. ३ वर्षांचं व्याज ९० हजार, हप्ता १०,८३३. आणि १४ टक्केवाल्यांचा तेवढ्याच मुदतीचा हप्ता १०,२५३, एकूण व्याज ६९ हजार. दर कमी आणि व्याज जास्त, हे कसं काय? की माझंच कुठे चुकतंय?

१४ टक्केवाले म्हणतात ५ वर्षांचं घ्या, हप्ता ६,९८० वर येईल, ओढाताण होणार नाही. ऐकायला बरं वाटतं.

दीर १ लाख बिनव्याजी देतो म्हणालेत. मन मोठं आहे त्यांचं. पण माझ्या आईच्या आजारपणासाठी सासरचे पैसे घ्यायला मन धजत नाही. आईने तर कपाटातून दागिने काढून माझ्यापुढे ठेवलेत. ते मला गहाण टाकायचे नाहीत.

काय करावं?

प्रतिसाद १

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. फ्लॅट दरात व्याज शेवटपर्यंत मूळ ३ लाखांवरच लागतं. तुम्ही अर्धं कर्ज फेडलंत तरी व्याज पूर्ण रकमेचं. घटत्या शिल्लकीवर, म्हणजे १४ टक्केवाल्यांसारखं फक्त फेडायच्या उरलेल्या रकमेवर मोजायचं तर तो १० टक्के म्हणजे जवळपास १८ टक्के होतो. ते कर्ज विसरा.

५ वर्षांच्या मोहात पडू नका. पहिल्या ६,९८० च्या हप्त्यातले ३,५०० नुसते व्याजात जातील, म्हणजे निम्मा हप्ता. एकूण व्याज ६९ हजारांवरून १ लाख १९ हजारांच्या आसपास जातं.

प्रतिसाद २

ठेव मोडा. ७ टक्के मिळवायचे आणि १४ टक्के मोजायचे, यात अर्थ नाही. मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड बसेल, तो सोसा. २ लाख तिथून, उरलेला १ लाख दिरांकडून. कर्जच नको.

प्रतिसाद ३

हिशेबाने वरचं बरोबर आहे, तरी मी ठेव मोडू नका म्हणेन. वडिलांच्या वेळी आम्ही असंच सगळं साठवलेलं मोडून बिल भरलं होतं. दहाव्या दिवशी जखमेत पू झाला, परत दाखल करावं लागलं, आणि हातात काहीच नव्हतं. ते सगळं कार्डावर गेलं. कार्डाचं महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६, आणि व्याजावर व्याज धरलं तर ४२ च्या वर. दोन वर्षं निस्तरत होतो. गुडघ्यांनंतर फिजिओथेरपी असते, वॉकर लागतो, घरात कुणीतरी बसून राहावं लागतं. हे खर्च बिलात दिसत नाहीत.

ठेव न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं का ते विचारा. दर ठेवीच्या दरापेक्षा थोडासाच जास्त असतो आणि ठेवीवरचं तुमचं व्याज चालू राहतं. तिथून दीड लाख उचला, म्हणजे पर्सनल लोन निम्म्यावर येईल. ओव्हरड्राफ्ट देत असतील तर आणखी चांगलं, जेवढे वापराल तेवढ्यावरच व्याज.

दिरांना नाही म्हणू नका, 'गरज पडली तर हक्काने मागेन' म्हणा. घेतलेत तर किती आणि कधी परत, हे दोन ओळींत लिहून ठेवा. नातं टिकवायला तो कागद फार उपयोगी पडतो.

प्रतिसाद ४

कुणी फीबद्दल बोललंच नाही. समजा २ टक्के प्रोसेसिंग फी, म्हणजे ६ हजार, आणि वर कर्जासोबतचा विमा ९ हजार, असे आधीच कापले. हातात २ लाख ८५ हजार, हप्ता मात्र पूर्ण ३ लाखांवर. तुमचे १४ टक्के तिथेच साडेसतराच्या वर गेले. विमा घ्यायलाच हवा का, हे स्पष्ट विचारा. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, तेही. उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा.

आणि एकदम पाच ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची नोंद क्रेडिट अहवालात होते. पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या, फोनमधल्या संपर्कांची परवानगी मागणाऱ्या ॲपच्या वाटेला तर जाऊच नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४ वाचून फॉर्म पुन्हा काढला. विम्याच्या चौकोनात बरोबरची खूण आधीच छापलेली आहे. मी सही करताना ती माझ्या लक्षातही आली नसती.

आज ठेवीच्या शाखेत जाऊन आले. दीड लाखापर्यंत देतात, दर साडेआठ. १४ महिन्यांनी ठेवीतूनच ते फिटेल. तोवर नुसतं व्याज भरलं तर महिन्याला साधारण १,०६०. मग दीड लाखाचं पर्सनल लोन २ वर्षांसाठी, हप्ता ७,२०२. दोन्हींचं मिळून व्याज ३८ हजारांच्या आत बसतं. ६९ हजारांपुढे हे मला झेपेलसं वाटतं.

प्रतिसाद ५

कार्ड राहिलं. ४० हजारांवर महिन्याला १,२०० नुसतं व्याज जातंय. पर्सनल लोन १ लाख ९० हजारांचं करा आणि पहिल्याच दिवशी कार्ड शून्यावर आणा. ३६ टक्क्यांचं देणं १४ वर येतं. मात्र त्यानंतर ते कार्ड कपाटात कुलूपबंद. नाहीतर सहा महिन्यांनी कर्जही असेल आणि कार्डही भरलेलं असेल.

धागाकर्ती

कार्डाचं पटलं. नवरा म्हणाला, माझ्यासमोर आधी ॲपमधून कार्डावर आपोआप जाणारी बिलं (ऑटो-पे) काढ, मगच कर्ज घेऊ. काढलं.

१ लाख ९० हजारांचा हप्ता २४ महिन्यांना ९,१२२ येतो. ठेवीवरच्या कर्जाचं व्याज धरलं की १३ हजारांतले जेमतेम २,८०० उरतात, आणि आईच्या फिजिओथेरपीला तेवढ्यात भागणार नाही. ३० महिने केले तर ७,५४३, पण व्याज ७ हजारांनी वाढतं. मी ३० कडे झुकले आहे. हात मोकळा झाला की मधेच जास्तीची रक्कम भरून टाकीन. पण करारात असं आहे की पहिल्या १२ हप्त्यांआधी जादा रक्कम भरता येणार नाही, आणि त्यानंतरही वर्षातून एकदाच. ही अट घासाघीस करून कुणी बदलून घेतली आहे का? सोमवारी सही करायला बोलावलंय.