पतसंस्थेचं जुनं डॉट नेट सॉफ्टवेअर लिनक्सवर न्यावं का?

मिरजेचा_प्रोग्रामर
मंडळी, आमचं पतसंस्थांचं सॉफ्टवेअर डॉट नेट फ्रेमवर्कवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फक्त विंडोजवर चालणाऱ्या जुन्या डॉट नेटवर आहे. काउंटरचा भाग विनफॉर्म्समध्ये (डेस्कटॉपच्या खिडक्या), पिग्मी एजंटांचा भरणा वेबफॉर्म्समध्ये (ब्राउझरमधली पानं), खाली डेटाबेस म्हणून मायक्रोसॉफ्टचाच एसक्यूएल सर्व्हर. एका संस्थेला सर्व्हर बदलायचाय आणि संचालकांपैकी कुणीतरी ‘विंडोजऐवजी लिनक्स घ्या, फुकट असतं’ हे ऐकून आलंय. पण ज्या मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या प्रमुखाने, बाल्मरने, २००१ मध्ये लिनक्सला कॅन्सर म्हटलं, तिच्या भरवशावर लिनक्सवर जायचं? उद्या पलटी मारली तर?

जुना_व्हीबीवाला
आधी पलटीचं बोलू. नव्या डॉट नेटचा सोर्स एमआयटी लायसन्सखाली आहे, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा. एकदा दिलेला कोड परत मागता येत नाही. आजूबाजूची हत्यारं मात्र काढून घेता येतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये डॉट नेट ६ येण्याच्या तोंडावर कमांड लाइनमधलं हॉट रिलोड (चालू प्रोग्राम न थांबवता कोड बदलायची सोय) गुपचूप काढून त्यांच्या व्हिज्युअल स्टुडिओ या हत्यारापुरतं ठेवलं होतं. लोक गिटहबवर (जिथे हा सोर्स ठेवलाय ती साइट) असे तुटून पडले की काही दिवसांतच परत आणावं लागलं.

आणि यात कुणाचं मनपरिवर्तन वगैरे झालेलं नाही हो. बाल्मरच्या जागी नडेला फेब्रुवारी २०१४ मध्ये आले, मार्चमध्ये आयपॅडवर ऑफिस आलं (ते शिजत होतं बाल्मरच्याच काळात), नोव्हेंबरमध्ये डॉट नेट कोअर, म्हणजे लिनक्सवरही चालणारं नवं डॉट नेट, खुलं झालं. कमाई ॲझ्युअरकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या भाड्याच्या क्लाउड सर्व्हरांकडे, सरकत होती आणि तिथलं गिऱ्हाईक लिनक्स मागत होतं. जे ॲझ्युअरकडे माणूस आणतं ते खुलं आणि सगळीकडे चालणारं. जे आणत नाही ते आहे तिथेच. ही फूटपट्टी तुमच्या सॉफ्टवेअरला लावा, उत्तर मिळेल.

विनफॉर्म्सचा सोर्स डिसेंबर २०१८ मध्ये खुला झाला, पण चालतं फक्त विंडोजवर. वेबफॉर्म्स नव्या डॉट नेटमध्ये आणलंच नाही, ते पुन्हा लिहायचं. एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवर आहे, पण त्याचं लायसन्स लिनक्सवर स्वस्त होत नाही आणि रिपोर्टिंग सर्व्हिसेस (त्याचा रिपोर्ट काढायचा भाग) तिथे नाही. म्हणजे वाचणार काय, तर विंडोज सर्व्हरचं लायसन्स आणि त्याची कॅल (सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी घ्यावी लागणारी वेगळी लायसन्सं). संचालकांना एवढंच कागदावर लिहून द्या.

आता छपाई. आमची पावती सिस्टिम-ड्रॉइंगने, म्हणजे डॉट नेटच्या चित्र काढायच्या लायब्ररीने बनायची. डॉट नेट ७ पासून ते लिनक्सवर चालतच नाही, म्हणून स्कियाशार्प या दुसऱ्या लायब्ररीवर गेलो. पहिल्या पावतीवर नावाच्या जागी नुसते चौकोन, कारण कोडमध्ये विंडोजचा मंगल फॉन्ट आणि तो उबुंटूवर (आमचं लिनक्स) असणार कुठून? नोटो सान्स देवनागरी फॉन्ट टाकला, अक्षरं आली. पण ‘शिंदे’ची वेलांटी श च्या उजवीकडे, आणि ‘कुलकर्णी’चा रफार उतरून र पाय मोडून बसलेला! स्कियाशार्प एकटं अक्षरं जुळवत नाही, सोबत हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी जोडावी लागते. इंग्रजी पावतीवर टेस्ट केलीत तर यातलं काहीच दिसणार नाही. टेस्टला जोडाक्षरांची नावंच घ्या.

फुकटात_काही_नाही
वरच्या फूटपट्टीला जोड. व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड एडिटरचा सोर्स एमआयटी, पण साइटवरून उतरवतो त्या तयार प्रोग्रामचं लायसन्स मायक्रोसॉफ्टचं वेगळं. त्याच सोर्सपासून बनलेलं व्हीएसकोडियम वापरलंत, तर मायक्रोसॉफ्टचा सी-शार्प डीबगर (डॉट नेटच्या भाषेतल्या कोडमधल्या चुका शोधायचं हत्यार) तिथे वापरायची परवानगी नाही. दार उघडं आहे, किल्ल्या अजून त्यांच्याच खिशात.

आणि फाइलनावांत लहान-मोठी अक्षरं तपासा. विंडोजवर ‘Logo’ आणि ‘logo’ एकच, लिनक्सवर दोन.

मिरजेचा_प्रोग्रामर
म्हणजे काउंटर विंडोजवरच ठेवतो आणि पिग्मीचा भाग नव्याने लिहून लिनक्सवर नेतो. डेटाबेसही तिकडेच न्यावा म्हणतोय. रात्रीच्या बॅकअपचा जॉब (ठरल्या वेळी आपोआप होणारं काम) चालेल का?

जुना_व्हीबीवाला
पिग्मीला डॉट नेट १० घ्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये आलंय, तीन वर्षं सपोर्ट आहे. काउंटरचा भाग जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कच्या ४.८ वर आणून ठेवा, घाई नाही.

असे जॉब चालवणारा एसक्यूएल सर्व्हर एजंट लिनक्सवर आहे, पण फुकटच्या एक्सप्रेस आवृत्तीत कुठेच नाही, तिथे क्रॉन (लिनक्सचं वेळापत्रक) लावा. डेटाबेसमधल्या प्रोसिजरमध्ये (साठवून ठेवलेल्या कोडमध्ये) कुणीतरी डी ड्राइव्हचा पाथ लिहून ठेवलेला असणार, तो शोधून बदला. आणि नव्या बॅकअप फोल्डरची मालकी एमएसएसक्यूएल युजरला (ज्याच्या नावाने लिनक्सवर एसक्यूएल सर्व्हर चालतो) द्या, नाहीतर रात्री ‘परवानगी नाही’ म्हणून जॉब पडेल.