मदत हवी आहे: यान श्वांकमायेरच्या लघुपटांच्या खेळाची परवानगी

आमच्या फिल्म सोसायटीत चेक दिग्दर्शक यान श्वांकमायेरच्या लघुपटांचा खेळ करायचाय. १९६४ चा पहिला लघुपट, १९६८ चा 'द फ्लॅट' आणि १९८२ चा 'डायमेन्शन्स ऑफ डायलॉग' ठरलेत. त्यातली मातीची दोन डोकी तोंडातून टूथब्रश, बूट, पेन्सिल काढून एकमेकांसमोर धरतात, ते मोठ्या पडद्यावरच बघावं! १९८३ ला बर्लिन चित्रपट महोत्सवातलं लघुपटासाठीचं गोल्डन बेअर पारितोषिक त्यालाच मिळालं.

डीव्हीडी आहे, पण ती घरगुती वापरापुरतीच. एका परदेशी वितरकाला मेल केली, उत्तर नाही. प्रवेश मोफत, प्रेक्षक पन्नासेक, बजेट तुटपुंजं. संवाद जवळपास नाहीतच, त्यामुळे सबटायटल्सची अडचण नाही. यूट्यूबवरून दाखवायचं नाहीये.

कुणी चेक लघुपटांची जाहीर प्रदर्शनाची परवानगी काढली आहे का? नेमकं कुणाला लिहायचं, आणि फी प्रत्येक लघुपटाची वेगळी लागते की पूर्ण खेळाची एकत्र?