नादार ठरलेल्या माणसाची नोंद नावाने कुणालाही शोधता यावी का?

खातेवही (धागाकर्ता)

मी घाऊक माल उधारीवर देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या पोटाशी जोडलेला आहे. कंपनी बुडाली की निदान कळतं. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली प्रक्रिया सुरू झाली की जाहीर सूचना निघते, ती आयबीबीआयच्या (या प्रक्रियांवर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या) संकेतस्थळावर दिसते, दावा कुणाकडे आणि कधीपर्यंत दाखल करायचा तेही त्यात असतं. पण समोर एकटा माणूस असेल, स्वतःच्या नावावर दुकान चालवणारा, तर कोर्टाने त्याला नादार, म्हणजे देणी फेडू न शकणारा, ठरवलंय का हे पाहायला एक ठिकाण नाही.

कायदा मात्र हे जगजाहीर असावं असंच धरून चालतो. प्रांतिक नादारी कायदा, १९२० च्या कलम ३० प्रमाणे नादार ठरवल्याचा आदेश राजपत्रात छापावा लागतो: नाव, पत्ता, तारीख, कोर्ट. कलम ७२ म्हणतं, मुक्तता (म्हणजे कोर्टाकडून जुन्या देण्यांतून सुटका) न झालेल्या नादाराने आपली स्थिती लपवून ५० रुपये किंवा जास्त उधार घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. हे कलम माझ्यासारख्यांसाठीच आहे ना? मग मी खात्री करायची कुठे? राजपत्र चाळत बसायचं? न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध आहे, पण आधी जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडावं लागतं. माणूस तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असला तर संपलंच.

देशभरासाठी एकच नोंदवही हवी, नावाने शोधता येणारी आणि फुकट. जे आज छापलं जातंच, ते सापडेल अशा जागी ठेवा, एवढंच मागणं आहे.

सांजवारा

पूर्ण असहमत. राजपत्राच्या पानावर असणं आणि मोबाइलवर दोन सेकंदांत दिसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कर्जात अडकलेल्या कुटुंबांसोबत मी काम करते. वसुलीवाले नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, कामावरच्या साहेबांना फोन करतात. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला वसुलीसाठी फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं, तरी फोन येतच राहतात. अशा माणसांच्या हाती नावानिशी यादी द्यायची? ती उधार देणारा बघेलच, पण घर भाड्याने देणारा बघेल, नोकरी देणारा बघेल, सोयरीक जुळवणाराही बघेल. ज्याने निमूटपणे कोर्टात जाऊन सगळं उघड केलं त्यालाच शिक्षा, आणि जो फोन बंद करून पळाला त्याचं नाव कुठेच नाही.

आणि उधार देणाऱ्यासाठी क्रेडिट रिपोर्ट आहेतच की.

खातेवही

@सांजवारा, क्रेडिट रिपोर्ट बँकेला दिसतो, मला नाही. मी सिबिलचा सभासद होऊ शकत नाही. सिबिलची जी यादी सगळ्यांना खुली आहे, ती दावा दाखल झालेल्या १ कोटी आणि त्यावरच्या खात्यांची आणि २५ लाखांवरच्या हेतुपुरस्सर थकबाकीदारांची. माझं गिऱ्हाईक त्यात कधीच सापडणार नाही.

सांजवारा

मग गिऱ्हाइकालाच त्याचा रिपोर्ट मागा. क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो दाखवायचा की नाही हे तो ठरवेल, आणि माल द्यायचा की नाही हे तुम्ही. गावाला सांगायची गरज नाही.

काळा कोट

दोघेही नोंदींवर भांडताय, पण नोंद व्हायला आधी कुणी अर्ज तर करायला हवा. लोकांना ही वाट आहे हेच माहीत नाही. माझ्याकडे जप्तीची नोटीस घेऊन येणारे बहुतेक जण ‘आपल्याकडे दिवाळखोरी फक्त कंपन्यांची असते’ असं समजून येतात.

सद्यस्थिती अशी. २०१६ च्या संहितेचा तिसरा भाग व्यक्तींसाठी लिहिलाय, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकी सगळ्यांना जुनेच कायदे: मुंबईला १९०९ चा, उरलेल्या महाराष्ट्राला १९२० चा. मुंबईत उच्च न्यायालयात जायचं. इतरत्र आपण जिथे राहतो, धंदा करतो किंवा पोटासाठी काम करतो तिथल्या जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत. पुण्यात राहणाऱ्याने धनको, म्हणजे ज्याचे पैसे द्यायचे तो, नागपूरचा आहे म्हणून नागपूर गाठायची गरज नाही.

देणी फेडता येत नाहीत हे मूळ कारण. त्याशिवाय तीनपैकी एक गोष्ट लागते: देणं किमान ५०० रुपये, किंवा पैसे भरण्याच्या कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीत अटक झालेली, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू. ५०० चा आकडा १९२० चा आहे, म्हणजे आज ती अट कुणालाही आडवी येत नाही. अर्जात सगळ्या धनकोंची नावं-पत्ते, देण्यांचे आकडे, मालमत्तेचा तपशील, आधी असा अर्ज केला होता का, हे सगळं द्यावं लागतं. लपवलंत तर पुढे तेच अंगाशी येतं.

घरातली भांडी, कपडे, कारागिराची हत्यारं, अशा ज्या वस्तूंवर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जप्ती येत नाही, त्या इथेही सुटतात. तारण ठेवलेलं घर किंवा गाडी मात्र सुटत नाही, कारण तारणवाला धनको आपलं तारण विकू शकतो. गृहकर्जवाल्यांनी हे आधी समजून घ्या.

सगळ्यात जास्त लोक घसरतात ते शेवटी. नादार ठरवताना कोर्ट मुदत घालून देतं आणि त्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज करावा लागतो. केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा दारात. वकील बदलला, तारीख हुकली, असं होतं हे.

नोंदवहीबद्दल माझं मत सांजवारांच्या जवळ आहे, पण कारण वेगळं. ज्या यादीत ‘नादार ठरला’ दिसेल पण ‘मुक्त झाला’ दिसणार नाही ती नकोच. आज ई-कोर्ट्सवर जुनं प्रकरण नावाने सापडतं, त्यातला मुक्ततेचा आदेश उघडून वाचायचे कष्ट कुणी घेत नाही.

तेरीज

पतसंस्थेच्या वसुलीत काम करतो, म्हणून थोडं कडू बोलतो. तुमच्या बोलण्यात ऋणको नेहमी बिचारा असतो. आमच्याकडे अर्ज करण्याआधी शेत भावाच्या नावावर आणि फ्लॅट बायकोच्या नावावर गेलेला असतो. बुडतात त्या ठेवी कुणाच्या? निवृत्त शिक्षकांच्या, भाजी विकणाऱ्या बायकांच्या. त्यांची नावं कोणत्या यादीत येतात? नोंद उघडी असली की निदान असल्या माणसाला दुसरी संस्था फसणार नाही. खातेवहींना पूर्ण पाठिंबा.

काळा कोट

@तेरीज, त्याला १९२० च्या कायद्याचं कलम ५३ आहे. हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल झाला आणि माणूस नादार ठरला, तर असं फुकटचं हस्तांतरण रिसीव्हर (नादाराची मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) रद्द करून घेऊ शकतो. पण त्यासाठी धनकोने कोर्टात हजर राहून ते दाखवून द्यावं लागतं. संस्थांचे वकील नादारीच्या तारखांना येत नाहीत, हे मी पाहत आलोय.

उत्तरायण

बाहेरची दोन उदाहरणं देतो, कारण दोन्ही बाजूंना त्यातून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत दिवाळखोरीची कागदपत्रं सार्वजनिक आहेत. पेसर नावाच्या यंत्रणेवर खातं उघडून पानाला १० सेंट भरून कुणीही बघू शकतं, आणि क्रेडिट रिपोर्टवर ती नोंद १० वर्षांपर्यंत राहू शकते. इंग्लंड-वेल्समध्ये व्यक्तींच्या नादारीची नोंदवही फुकट आणि नावाने शोधता येणारी आहे, पण मुक्तता झाल्यावर तीन महिन्यांनी नाव तिथून काढलं जातं. दिवाळखोर ठरलेला माणूस तिथे साधारणपणे १२ महिन्यांत मुक्त होतो.

मी इंग्लंडच्या बाजूचा. नोंद असावी, पण तिला शेवट असावा.

खातेवही

हे मला पटतं. मुक्त झालेल्या माणसाचं नाव मला नकोच आहे. कलम ७२ सुद्धा मुक्त न झालेल्यांबद्दलच बोलतं. तेवढ्या काळापुरती यादी उघडी ठेवा.

सांजवारा

मला अजून पटत नाही. एकदा उघड्यावर आलेलं नाव सरकारी यादीतून काढलं तरी त्याचे स्क्रीनशॉट फिरतच राहतात. आणि आपल्याकडे मुक्ततेला १२ महिने पुरतात का, हे काळा कोट यांनीच सांगावं.

दुसरी सही

मी जामीनदार आहे. मित्राच्या कर्जावर सही केली, त्याने हप्ते थांबवले, संस्थेने १०१ चा दाखला (सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला) माझ्यावरही घेतला आणि आता माझ्या पगारातून कापून घेतात. काल कळलं की त्याने नादारीचा अर्ज केला होता आणि तो नादार ठरलाय. मला कुणी सांगितलं नाही. तो सुटला की मीही सुटेन, असं एकजण म्हणाला. खरं आहे का? आणि सांजवारा, तुम्ही ज्या यादीला विरोध करताय ती असती तर मला हे वेळेत कळलं असतं.

काळा कोट

@दुसरी सही, नाही. १९२० च्या कायद्याचं कलम ४४ स्पष्ट आहे: नादाराची मुक्तता झाली तरी जामीनदार सुटत नाही.

पण तुमचे हात बांधलेले नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४५ प्रमाणे जामीनदाराने रीतसर भरलेली रक्कम मूळ ऋणकोने त्याला द्यायची असते. नादारीत ते तुमचं येणं आहे, आणि पुढे भरावी लागेल अशी रक्कमही, ती अजून अनिश्चित असली तरी, दाव्यात दाखवता येते. धनको आपला दावा मुक्ततेचा आदेश होईपर्यंत केव्हाही दाखल करू शकतो. त्याची मुक्तता झाली नसेल तर तुम्ही अजून वेळेत आहात.

सांजवारा

@दुसरी सही, तुमचं म्हणणं मला लागलं. ज्याचे पैसे अडकलेत त्याला कळायलाच हवं, पण कोर्टाने त्याला स्वतः नोटीस पाठवून. जामीनदारांची नावं कर्जाच्या कागदावर असतात. अर्ज दाखल झाला की धनकोंबरोबर त्यांनाही नोटीस गेलीच पाहिजे, यासाठी मी कुठेही सही करेन. पण त्यासाठी यादी सगळ्या जगाला उघडायची गरज नाही.

खातेवही

नोटीस जुन्या पत्त्यावर गेली तर? भाड्याच्या घरातला माणूस वर्षाला पत्ता बदलतो. यादी असेल तर निदान त्याला स्वतःला शोधता येईल.

दुसरी सही

धन्यवाद @काळा कोट. प्रकरणाचा क्रमांक माझ्याकडे नाही, फक्त त्याचं नाव आणि जिल्हा माहीत आहे.

काळा कोट

तेवढं पुरे. ई-कोर्ट्सवर तो जिल्हा आणि संकुल निवडा, पक्षकाराच्या नावात त्याचं आडनाव टाका, वर्षाच्या जागी गेलं वर्ष आणि त्याआधीचं, दोन्ही टाकून बघा, प्रलंबित आणि निकाली दोन्हीत. सापडलं की सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक, लिहून घ्या. नाही सापडलं तर त्या न्यायालयाच्या कार्यालयात नादारीच्या अर्जांचं रजिस्टर दाखवायला सांगा. पगारातून कापलेल्या रकमांच्या पावत्या, १०१ च्या दाखल्याची प्रत आणि जामीनपत्राची प्रत घेऊन तिथल्या एखाद्या दिवाणी वकिलाकडे जा. आणि पहिली गोष्ट विचारा: मुक्ततेच्या अर्जावर तारीख कधीची आहे.