मदत हवी आहे: हिमालयन सोडून कमी दिसणारी अॅडव्हेंचर बाईक कोणती घ्यावी?

गिरगावचा_गणू (धागाकर्ता)
शनिवारी टोकन द्यायचं आहे, म्हणून घाईत लिहितोय. अॅडव्हेंचर बाईक हवी आहे. रॉयल एन्फिल्डची हिमालयन नको, ४११ नको, ४५० पण नको. प्रत्येक सिग्नलला दोन उभ्याच असतात. यूट्यूबवर सगळे त्याच तीन बाईक आलटून पालटून दाखवतात. लोक फारसे घेत नाहीत पण घेण्यासारख्या आहेत अशा सांगा. नवी-जुनी कुठलीही चालेल. 'तुमची गरज काय' एवढं मात्र विचारू नका. गरज बाईकची आहे.

घाटमाथा
तेच विचारतोय. बजेट? उंची? मागे कोण बसणार? सामान किती? माळशेजपर्यंत डांबर की पुढे कच्चा रस्ताही? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि शनिवार परवावर आलाय.

टॉर्कबाबा
विचारपूस कशाला? सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स घ्या आणि मोकळे व्हा. २४९ सीसी, २६.५ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच, जवळजवळ), १६७ किलो. इंजिन जिक्सर २५०चंच आहे, त्यामुळे कुठल्याही मेकॅनिकला नवीन नाही. ऑइल कूल्ड, म्हणजे पाण्याचा रेडिएटर नाही. २०२२पासून बाजारात आहे, तरी मुंबईत पटकन दिसत नाही. अजून काय हवं?

स्पोकवाला
अजून स्पोकची (तारांची) चाकं हवीत. एसएक्सला अलॉय (ओतीव चाकं) आहेत आणि पुढे १९ इंची. अॅडव्हेंचर लिहिलंय म्हणून ती अॅडव्हेंचर होत नाही.

गिरगावचा_गणू
बजेट साडेतीन, ऑन रोड. उंची ५ फूट ६. मागे बायको, महिन्यातून एकदा. आता सांगा.

मोजपट्टी
उंची सांगून काही कळत नाही, पायाची आतली लांबी सांगा. रायडिंगचे बूट घालून भिंतीला पाठ लावा, जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये घट्ट वर सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. ५'६" उंचीच्या दोन माणसांत यात सहज दोन इंचांचा फरक निघतो.

सीटची उंची मिलिमीटरमध्ये: येझदी अॅडव्हेंचर ८१५, कावासाकी व्हर्सिस-एक्स ३०० पण ८१५, हिरोची एक्सपल्स २०० (साधी) ८२५, एसएक्स ८३५, बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस ८३५, एक्सपल्स प्रो ८९१. कावासाकी केएलएक्स २३० तर ८८०, आणि टाकी जेमतेम साडेसात लिटरची. ती बाईक चिखलासाठी आहे, बायकोला घेऊन फिरायला नाही.

एवढ्यावर थांबू नका. सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे तेही बघा. सारख्या उंचीची अरुंद सीट असेल तर पाय सरळ खाली जातात. रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि टाचा वर राहतात. शोरूममध्ये बसून बघा. दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकले तर पुरे, टाचा टेकायलाच हव्यात असं नाही.

टॉर्कबाबा
@स्पोकवाला, रात्री साडेनऊला मुरबाडच्या पुढे पंक्चर झालं की बोलू. ट्यूबलेसमध्ये खिळा उपटायचा, रिमरने भोक साफ करायचं, रबराची वात घुसवायची, पंप मारायचा. दहा मिनिटं. ट्यूब असेल तर चाक काढा, बीड (टायरची रिमला बसलेली कड) फोडा, तीन लिव्हर लावा आणि टायर परत चढवताना नवी ट्यूब चिमटून पुन्हा पंक्चर करा.

स्पोकवाला
आणि अलॉय खड्ड्यात तडकली की? तडा गेला की हवा धरत नाही, आणि वेल्डिंग केलेल्या रिमवर मी बायकोला बसवणार नाही. स्पोकची रिम आउट (वाकडी) झाली तर स्पोक ओढून सरळ होते, कल्याण-मुरबाडमध्ये करून देणारे आहेत. २१ इंची चाक खड्ड्यात कमी शिरतं, भूमितीच तशी आहे. पेव्हर ब्लॉकच्या फटीत आणि दगडांवर फरक लगेच कळतो.

पंक्चरचं म्हणाल तर पुढच्या २१ इंचीची एकच जास्तीची ट्यूब ठेवा. अडचणीत मागच्या १८ किंवा १७ इंचीतही घडी न पडेल अशी बसवता येते. घरी येईपर्यंत चालते, नंतर मापाची टाकायची. उलट जमत नाही. १७ची ट्यूब २१मध्ये ताणली जाते आणि फाटते.

घाटमाथा
दोघंही बरोबर आहात, पण प्रश्न रस्त्याचा आहे आणि रस्ता धागाकर्त्याने अजून सांगितलेला नाही. कच्च्यावर हवा कमी करून चालवायची असेल तर ट्यूबवाल्याला धोका जास्त, कारण रिम आणि दगडामध्ये ट्यूब चिमटते. डांबर ९० टक्के असेल तर १९ इंची ट्यूबलेस. त्यात वाद नाही.

लगेजवाला_अंकल
बांद्रा टर्मिनसहून चंदीगडला बाईक पाठवायची असेल तर पार्सल ऑफिसला आदल्या दिवशी जा. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, थोडं ठेवू म्हणाल तर परत पाठवतात. आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स. आरसे काढून बॅगेत घ्या, हँडल, टाकी आणि हेडलाईटला आधी गवत-पेंढा मग गोणपाट. चावी पार्सलसोबत देऊ नका. गाडी उतरली की पहिलं काम पेट्रोलपंप, म्हणून रिकामी बाटली नको, छोटा कॅन ठेवा.

गिरगावचा_गणू
अंकल, मी चंदीगडला जात नाहीये.

रस्ता: माळशेज, ताम्हिणी, भंडारदरा. वर्षातून एकदा गोवा. रोज ऑफिस बीकेसी.

लगेजवाला_अंकल
आता नाही, पण अॅडव्हेंचर बाईक घेतली की सगळे जातात.

टोलनाका
एक गोष्ट कोणी बोलत नाही. मुंबईहून बाहेर पडायचे सगळे वेगवान रस्ते दुचाकीला बंद आहेत. सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद, ईस्टर्न फ्रीवे बंद, अटल सेतू बंद, पुणे एक्सप्रेस वे बंद, समृद्धी बंद. तुम्हाला उरतो जुना हायवे, कसारा, कल्याण-मुरबाड आणि गोव्याचा ६६ नंबर. चौपदरी रस्त्यावरही दुचाकीला ताशी ८०ची मर्यादा आहे. मग ४० पीएस नेमके कुठे वापरणार? २५ ते ३० पुष्कळ झाले.

शिवाय कर. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्यावर ४०. ३९८-४५० सीसीच्या बाईकसाठी जास्त पैसे मोजून वर ते ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरला घासत न्यायचं, याला अर्थ नाही.

टॉर्कबाबा
याच मुद्द्यावर +१. आणि व्हर्सिस-एक्स सुचवणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. जोडसिलिंडर आहे, गुळगुळीत आहे, १७ लिटरची टाकी आहे, पण ४० पीएस येतात साडेअकरा हजार आरपीएमला. घाटात बायकोला घेऊन ती ताकद मिळवायला इंजिन सतत किंचाळत ठेवावं लागतं. बजेटमध्येही बसत नाही.

केबलतुटली
येझदी अॅडव्हेंचर कोणी नीट बोललंच नाही. ३३४ सीसी, ३० पीएस, २९.९ न्यूटन-मीटर, साडेपंधरा लिटरची टाकी, पुढे २१ मागे १७ इंची स्पोक, २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून बाईकच्या पोटापर्यंतचं अंतर), एबीएसचा ऑफरोड मोडही आहे. एसएक्सला एबीएस बंदच करता येत नाही. खडीच्या उतारावर मागचा ब्रेक नुसता टकटकत सुटतो आणि गाडी हवी तिथे थांबत नाही. आणि हिमालयनसारखी दिसते, म्हणजे गणूभाऊंची तक्रार अर्धवटच सुटेल, तो भाग वेगळा.

पण वजन वाचताना सावध. कागदावरचे १८८ किलो पेट्रोलशिवायचे आहेत. पेट्रोल लिटरला सुमारे ७४० ग्रॅम भरतं, म्हणजे टाकी फुल केली की साडेअकरा किलो वाढतात आणि खरं वजन २०० होतं. हिमालयन ४११चे १९९ मात्र पेट्रोलसकट आहेत. ब्रोशर शेजारी ठेवून तुलना करणारे इथेच फसतात.

घाटमाथा
ज्या बाईकचं नाव फारसं ऐकलेलं नाही (बेनेली टीआरके २५१, झोंटेस ३५०टी, मोरिनी वगैरे, बजेटचा विचार नंतर) तिच्यासाठी एक परीक्षा करा. टोकन देण्याआधी सेल्सवाल्याकडे नाही, स्पेअरच्या काउंटरवर जा आणि पाच वस्तू विचारा: क्लच लिव्हर, क्लच केबल, पुढचे ब्रेक पॅड, एअर फिल्टर, पुढचा इंडिकेटर. किंमत काय आणि आत्ता कपाटात आहे का. या पाच गोष्टी पहिल्या पडझडीत किंवा पहिल्या वर्षात लागतातच. तीन तरी हातात मिळाल्या नाहीत तर तिथून परत फिरा. लिव्हर तुटून बाईक महिनाभर उभी राहिली की ती 'वेगळी बाईक' घेतल्याचा आनंद संपतो.

टीआरके २५१ला १८ लिटरची टाकी आहे पण दोन्ही चाकं १७ इंची. होंडाची सीबी२००एक्स (आताची एनएक्स२००) पण तशीच. चांगल्या बाईक आहेत, डांबराच्या.

जी ३१० जीएस इथे आता नवीन मिळत नाही, जुनी मिळेल. टीव्हीएसची अपाची आरटीएक्स ३०० ऑक्टोबर २०२५ला आली. ३६ पीएस, १८० किलो, १९/१७. कागदावर गणूच्या कामाला अगदी बसते. नव्या इंजिनच्या पहिल्या तुकडीतली घ्यायची की थांबायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी थांबेन.

गिरगावचा_गणू
पायाची लांबी मोजली, ७७ सेंटिमीटर, बुटासकट. एसएक्सला लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली बसवणारी पट्टी) लावली तर?

एक सांगायचं राहिलं. बाईक चाळीच्या चौकात लागते. सकाळी मागे ढकलत बोळातून काढायची, मग गटाराच्या लादीवर उतार आहे त्यावरून फाटकाबाहेर. फाटक ३३ इंच.

मोजपट्टी
हे तुम्ही आत्ता सांगताय?

घाटमाथा
बावीस प्रतिसाद पडायच्या आत सांगितलं, हे नशीब समजा.

मोजपट्टी
आधी फाटक. ३३ इंच म्हणजे ८३८ मिमी. एसएक्सची रुंदी ८८०, एक्सपल्स २००ची ८५०. सरळ दोन्ही जाणार नाहीत. पण सगळ्यात रुंद भाग हँडल असतो आणि ते वळतं. हँडल डावीकडे वळवून उजवं टोक आधी काढायचं, मग उजवीकडे वळवत डावं. साठ-सत्तर मिमीची अडचण अशी निघते. आरसे आत वळवावे लागतील. हँडगार्ड लावलेत तर दोन्ही बाजूंना आणखी वाढ होते, तेव्हा ते लावायच्या आधी मोजा. क्रॅश गार्ड आणि साईड बॉक्सची रेलिंग मात्र वळत नाही, ती थेट अडते.

आता ढकलणं. उतारावर मागे ढकलताना तुमचा एक पाय नेहमी टेकलेला हवा, नाहीतर बाईक ज्या बाजूला पाय नाही तिकडे झोपते. इथे १६७ आणि २०० किलोंमधले ३३ किलो रोज सकाळी जाणवतील. येझदी माझ्या यादीतून गेली. एक्सपल्स २०० १५९ किलोंची आहे. तिची मोठी बहीण एक्सपल्स २१० साधारण दहा किलोंनी जड, पण २४.६ पीएस, सहा गिअर आणि वॉटर कूल्ड, म्हणून गोव्यापर्यंत दमत नाही. मागे माणूस बसणार म्हणून २००पेक्षा २१० बघा.

लोअरिंग लिंक: लावता येते, पण एकटी लावू नका. मागची बाजू २५ मिमी खाली आली की पुढचा भाग वर राहतो, हँडल सुस्त होतं आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो. त्यासाठी फोर्क (पुढच्या चाकाच्या नळ्या) ट्रिपल क्लॅम्पमध्ये, म्हणजे हँडलखालच्या पकडीत, दोन्ही बाजूंना सारखेच १० ते १५ मिमी वर सरकवायचे, बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे आणि फोर्क पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला लागत नाही ना ते बघायचं. ग्राउंड क्लिअरन्सही जातो. आणि जे सगळे विसरतात ते साईड स्टँड. बाईक खाली आली की स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ उभीच राहते आणि गटाराच्या लादीसारख्या उतारावर पलीकडे कोसळते. स्टँड कापून परत वेल्ड करून घ्यावा लागतो. त्यापेक्षा सीटचा फोम वीसेक मिमी कोरून घ्या, पुढच्या बाजूने अरुंद करून. खर्च कमी, आणि नाही आवडलं तर दुसरी सीट बसवता येते.

स्पोकवाला
म्हणजे २१० एक्सपल्स. २१/१८ स्पोक. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

टॉर्कबाबा
पहिल्यापासून तुम्ही एकाही बाईकचं नाव घेतलेलं नाही.

केबलतुटली
जुनी बघणार असाल तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासा. पुढचं चाक उचलून हँडल हळू हळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मध्यावर खाच लागल्यासारखं अडलं तर गेलाय. मग स्पोकवर पान्याने टिचकी मारत जा, सगळे सारखे वाजले पाहिजेत, एखादा बद्द वाजला तर ढिला. फोर्कच्या नळीवर तेलाचं कडं आहे का ते बघा. आणि बाईक समुद्राजवळ उघड्यावर उभी राहिलेली असेल तर निपल (स्पोक आवळायचे नट) गंजून बसतात, मग स्पोक ओढताच येत नाही, तुटतो.

कागद: बाईक नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होतं तर ३५. ई-चलन बाकी आहे का ते आधी बघा. १ एप्रिल २०१९च्या आधीची असेल तर एचएसआरपी (सुरक्षित नंबरप्लेट) लागलेली आहे का तेही.

टोलनाका
पावसाळ्यात चेन दर तीनशे-चारशे किलोमीटरला साफ करा. घासलेट चालतं, पेट्रोल नाही, ओ-रिंग (चेनमधल्या रबरी चकत्या) फुगतात. मग ९० नंबर गिअर ऑइल, रात्रभर ठिबकू द्या.

गिरगावचा_गणू
दोन्हींची टेस्ट राईड घेतली. २१०वर दोन्ही चवडे टेकतात, एसएक्सवर एकच. टेप घेऊन गेलो होतो, सेल्सवाला बघत राहिला. २१०चं हँडल वळवून निघेल असं वाटतंय, पण फाटकाची आतली कडी काढली तर ३५ इंच होतात आणि प्रश्नच मिटतो. सेक्रेटरी म्हणतात मीटिंगमध्ये ठेवू. मीटिंग पुढच्या महिन्यात आहे.

मोजपट्टी
कडी वेल्ड केलेली आहे की नटबोल्टची?

गिरगावचा_गणू
नटबोल्ट. गंजलेले.

केबलतुटली
आज रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा.

लगेजवाला_अंकल
पार्सल ऑफिसला हँडल काढून आडवं बांधून देतात.