कवितेतला ‘मी’ : कवी, निवेदक की आणखी कोणी?

प्रश्न : रसग्रहणात ‘कवी म्हणतो’ असं सर्रास लिहिलं जातं. ते दरवेळी बरोबर असतं का? की ‘निवेदक’ म्हणावं? हा शब्द मला कथा-कादंबरीतला वाटतो.

प्रतिसाद : कवितेत गोष्ट सांगितलेली असेल, म्हणजे पोवाडा किंवा कथाकाव्य असेल, तर ‘निवेदक’ चपखल बसतो. भावकवितेत सांगण्यापेक्षा उद्गार जास्त, म्हणून तिथे मी ‘कवितेतला मी’ असंच लिहितो. ‘कवी म्हणतो’ लिहिण्याआधी मात्र क्रियापदं तपासा. मराठीत ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ यावरून बोलणारा पुरुष की बाई ते लगेच कळतं.

एकनाथांचं ‘मला दादला नको गं बाई’ हे भारूड घ्या. बोलते आहे संसाराला विटलेली बाई. घर मोडकं, लुगडं फाटकं, चोळी तुटकी, तिची तक्रार संपत नाही. शेवटी येतं ‘एका जनार्दनी समरस झाले’. ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा, म्हणजे कवीची सही, एकनाथांची आणि ‘झाले’ हे रूप त्या बाईचं! एका ओळीत दोघंही उभे आहेत. तोवर गरिबीचं वाटणारं गाऱ्हाणं इथे परमार्थाकडे वळतं. ‘कवी म्हणतो’ एवढ्यावर भागवलं तर ही सगळी करामत हातची जाते.

प्रश्न : मग दृष्टिकोन कुणाचा धरायचा, बाईचा की एकनाथांचा?

प्रतिसाद : दोन्ही वेगळे ठेवा. बोलणाऱ्याला जग जसं दिसतं तो त्याचा दृष्टिकोन. त्याला बोलतं करून कवीला जे सुचवायचं असतं ती कवीची भूमिका. कधी कधी या दोन्ही अगदी उलट असतात. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगच्या १८४२ सालच्या ‘माय लास्ट डचेस’ या कवितेत एक सरदार दिवंगत पत्नीचं चित्र पाहुण्याला दाखवतो. ती सगळ्यांशीच हसून वागायची, ही त्याची तक्रार. त्याच्या मते दोष तिचा. वाचताना आपल्याला दिसतो तो त्याचा अहंकार आणि क्रौर्य. हे सगळं त्याच्याच तोंडून, कवीची टिप्पणी एका शब्दाचीही नाही.

प्रश्न : आणि कवितेत ‘मी’ नसेलच तर?

प्रतिसाद : तरी कोणीतरी कुठूनतरी बघत असतंच. ‘ती आत आली’ म्हटलं की बोलणारा घरात आहे, ‘ती आत गेली’ म्हटलं की बाहेर. येणं-जाणं, हा-तो, इथे-तिथे या शब्दांवर आधी खुणा करा. निवेदक कुठे उभा आहे ते त्यांवरूनच सापडतं.