चपट्या शेवंडीच्या शेपटीखाली काळे ठिपके कसले?

मृण्मयी_डोंबिवली
नमस्कार मंडळी. रविवारी पहाटे नवऱ्याला भाऊच्या धक्क्यावर सुरमई आणायला पाठवलं होतं. आला तो भलतंच प्रकरण घेऊन. एका मावशींनी "चपटी शेवंड हाय, घेऊन जा" म्हणत गळ्यात मारली म्हणे. वीतभर लांब, पाव किलोच्या आसपास, कुणी पाटा ठेवून दाबल्यासारखी. नांग्या नाहीत, मिशा नाहीत. तोंडापुढे दोन रुंद फावडी आणि डोळे पार खांद्यांच्या टोकांना. माझी सात वर्षांची लेक म्हणाली, "आई, हे झुरळ आणि खेकड्याचं बाळ आहे का?"

तर प्रश्न दोन. हा लॉबस्टरच ना? आणि उलटी केल्यावर शेपटीखाली तपकिरी दाण्यांचा घोस निघाला, दाण्यादाण्यात काळे ठिपके. खराब झालंय असं वाटून मी तो काढून वाटीत ठेवलाय. गाभोळी म्हणून तळायची की फेकायची?

खवय्या_वसई
फेकू नका!! रवा, तिखट, आमसुलाचं पाणी. पत्ता पाठवा, मी येतो.

दर्याकाका
खवय्ये, जरा दम धरा.

मृण्मयीताई, मिशा आहेत. तुम्ही जिला फावडी म्हणताय त्याच मिशा. नेहमीच्या काटेरी शेवंडीला हातभर चाबकासारख्या असतात ना, तीच जोडी हिच्यात चपटी होऊन पसरली. त्या दोन फावड्यांच्या मधोमध बघा, दोऱ्यासारख्या बारीक मिशांची दुसरी जोडी दिसेल. तिने ती वास घेते. दिवसभर वाळूत-चिखलात स्वतःला पुरून बसायचं आणि रात्री शिंपल्या शोधायला निघायचं, हा तिचा धंदा. डोळे तेवढे वर राहतात. तुमचं "दाबल्यासारखी" बरोबर आहे, तळाशी पुरून राहणाऱ्याला तोच आकार सोयीचा.

लेकीला सांगा, ती फार चुकली नाही. खेकडा हिचा जवळचा नातेवाईक, दोघांनाही पायांच्या पाच जोड्या. चिंबोरीच्या पोटावरचं झाकण उचलून दाखवा, ती तिची दुमडलेली शेपटी. शेवंडीने शेपटी उघडी ठेवली, चिंबोरीने खाली घडी घातली, एवढाच फरक. झुरळ लांबचं, पण सांधेवाल्या पायांच्या खानदानातलंच.

आता वाटीतलं. ती गाभोळी नव्हे. गाभोळी पोटात असते, चिंबोरीची लाख असते तशी. हे बाहेर घातलेलं, फळलेलं अंडं. मादी ते शेपटीखालच्या पातळ पाकळ्यांना चिकटवते आणि पिल्लं सुटेपर्यंत पाकळ्या हलवून त्यांना वारा घालत राहते. नवं अंडं नारिंगी असतं. आतला पिवळा बलक पिल्लू खात जातं तसा रंग तपकिरी होतो, आणि काळे ठिपके म्हणजे पिल्लांचे डोळे. खराब काही झालेलं नाही, सुटायला थोडे दिवस राहिले होते.

मादीच ना, हे पडताळायचं तर शेवटची पायांची जोडी बघा. हिच्या बाकीच्या पायांना साधं टोक असतं, पण मादीच्या शेवटच्या पायाला इवलासा चिमटा असतो. अंडी साफ करायला. नराला तो नसतो. मी खलाशी असताना आमच्या तांडेलने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, हे दाखवलं होतं, तेव्हा कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं.

१९७९ साली ससून डॉकच्या एका ट्रॉलरवर चढलो, वय सतरा. जाळं उपसलं की कोलंबीच्या ढिगात या चपट्या शेवंडी शेपटी आपटत पडायच्या, फटाफट आवाज यायचा. वेगळ्या टोपलीत भरायचो. अंडीवाली निघाली की घोस ओरबाडून पाण्यात टाकायचा, कारण घेणारा व्यापारी अंड्यांचं वजन कापून घ्यायचा. मीही ओरबाडले, किती ते मोजलं नाही. त्या वेळी वाटायचं, टाकली पाण्यात म्हणजे जगतील. आईच्या पाकळीवरून सुटलेलं अंडं जगत नाही, हे कितीतरी वर्षांनी कळलं. नव्वदीत टोपली भरेना, मग एखाददुसरी, आणि १९९४ च्या सुमाराला मुंबईच्या पाण्यात ही मासेमारी जवळजवळ बंदच पडली. अभ्यासकांनी कारण दिलं ते हेच: आया आणि अंडी इतकी उचलली की नवी पिढी येईना. २००३ मध्ये सरकारने निर्यातीसाठी किमान वजन ठरवलं, चपटीला १५० ग्रॅम. पण वजनाच्या काट्याला अंडी कुठे दिसतात?

निळावंती
काका, पिल्लांचं राहिलं! सुटलेलं पिल्लू शेवंडीसारखं मुळीच दिसत नाही. काचेच्या पानासारखं असतं: सपाट, पारदर्शक, लांब केसाळ पाय. १८१८ साली लीच नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने तो वेगळाच प्राणी समजून त्याला फिलोसोमा नाव दिलं, म्हणजे पानाचं शरीर. शेवंडीचं पोर आहे हे नंतर उलगडलं, पण नाव त्या अवस्थेला चिकटलं ते चिकटलंच. चपट्या शेवंडींच्या काही जातींची पिल्लं जेलीफिशवर बसून फिरतात आणि फिरता फिरता तिलाच खातात. रिक्षात बसून रिक्षा खायची.

काटेरी शेवंडीचं पिल्लू कित्येक महिने असं तरंगतं. मुंबईच्या चपटीचं मात्र चार अवस्थांत, साधारण महिनाभरात आटोपतं. म्हणून तर चेन्नईजवळच्या कोवलमला सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांना तिची पिल्लं टाकीत वाढवणं जमलं. काटेरीचं काम त्यामानाने महाकठीण.

ब्रिस्बेनचा_बाळ्या
आमच्याकडे हिच्याच भाईबंदांना मोर्टन बे बग म्हणतात. पहिल्यांदा मेन्यूवर 'बग' वाचलं तेव्हा आईला फोन करून सांगितलं, इथले लोक किडे खातात. बाल्मेन बग म्हणून आणखी एक चपटी मिळते, तो वेगळा, त्याचे डोळे मध्याकडे सरकलेले, टोकांना नसतात. क्वीन्सलँडमध्ये अंडीवाली मादी ठेवता येत नाही, जाळ्यात आली तर परत सोडायची.

एक गंमत. २००७ पर्यंत हिंदी महासागरापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या या सगळ्या एकच जात समजल्या जायच्या, थेनस ओरिएंटालिस. मग बर्टन आणि डेव्ही या अभ्यासकांनी त्यांच्या पाच जाती केल्या. भारतात सापडते ती मुख्यतः युनिमॅक्युलेटस. ताई, तिची खूण बघा: पायांच्या आतल्या बाजूला जांभळट-काळा डाग दिसतो का?

मृण्मयी_डोंबिवली
दिसतो! दुसऱ्या-तिसऱ्या पायाला, मांडीच्या आतून, वांग्याच्या सालीसारखा. आणि काका, चिमटाही सापडला. तांदळाच्या कणीएवढा. लेकीने माझ्या टाचणीने तो उघडून पाहिला.

मग आम्ही वाटीतले दाणे बशीत पसरले आणि तिच्या खेळातल्या भिंगातून बघितलं. प्रत्येकात दोन दोन ठिपके. पंचवीसपर्यंत तिने मोजले, मग मोजणं सोडून नुसतीच बघत बसली. नवरा विचारतोय शेवंडीचं काय करायचं. मी म्हटलं, तू आणलीस, तूच बघ. खवय्ये, पत्ता नाही पाठवणार, राग मानू नका.

दर्याकाका
शेवंड करा ताई, वाया घालवू नका, ती गेलीच आहे. शेपटीच्या मध्यातला काळा दोरा तेवढा ओढून काढा, ते आतडं. आणि पुढच्या वेळी नवऱ्याला सांगा, घेण्याआधी उलटी करून बघायची. अंडीवाली असेल तर मावशींना सांगायचं, ही नको. दोन-चार गिऱ्हाइकांनी असं म्हटलं की बातमी बोटीवर पोचते.