मुलांचे कार्टून चेहरे सगळे एकाच साच्यातले येतात, भाव कसे शिकवावेत?

रेघोट्या_इंदूर
इंदुरात आमच्या कॉलनीच्या मंडळात रविवारी मुलांचा चित्रकलेचा वर्ग असतो. ८ ते ११ वयाची १४ मुलं, वेळ दीड तास. पुढचे चार रविवार कार्टूनसाठी ठेवलेत आणि शेवटी रंगपंचमीच्या गेरमधले (रंग उधळत निघणाऱ्या आमच्याकडच्या मिरवणुकीतले) चेहरे काढून घ्यायचेत. अडचण अशी की कुठलाही चेहरा सांगा, एक गोल, दोन टिंबं आणि खाली वाटीसारखी रेघ. ‘रागावलेला’ म्हटलं की वाटी उलटी. ‘दुःखी’ म्हटलं तरी तीच उलटी वाटी, वर एक अश्रू. दोघं जण मोबाइलमधले इमोजी हुबेहूब उतरवतात, पण त्यापुढे जात नाहीत. सुरुवात कुठून करू? कागद-पेनांचंही सांगा.

पाटीपेन्सिल
ताई, तोंड सध्या राहू द्या, भुवयांपासून सुरुवात करा. राग आणि दुःख दोन्हींत ओठांची टोकं खालीच काढली जातात, म्हणून मुलांचे दोन्ही चेहरे सारखे दिसतात. खरा फरक भुवईच्या नाकाकडच्या टोकात आहे. रागात ते टोक खाली येतं, दुःखात तेच वर जातं. ‘तिरकी भुवई काढ’ असं सांगू नका, तिरकी तर दोन्हीकडे असते आणि मुलं हमखास उलटं काढतात. ‘नाकाकडचं टोक वर की खाली?’ एवढंच विचारत राहा.

पहिल्या रविवारी हा तक्ता करून घ्या. ए-फोर कागद उभा धरून ४ सेंमीची घरं आखा, आडवी ५, उभी ५. डावीकडचं वरचं कोपऱ्यातलं घर रिकामं. वरच्या ओळीत चार भुवया: सपाट, कमान, नाकाकडचं टोक खाली, नाकाकडचं टोक वर. डाव्या रांगेत चार तोंडं: सरळ रेघ, वाटी, उलटी वाटी, उघडा लंबगोल. उरलेल्या १६ घरांत १० रुपयांच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवून गोल काढायचे. नाणं २७ मिमीचं आहे, घरात नीट बसतं. डोळे सगळीकडे तीच दोन टिंबं. भुवई वरून उचलायची, तोंड डावीकडून.

मजा जोड्यांत आहे. नाकाकडचं टोक खाली आणि तोंड हसरं, की समोर कुणाची तरी खोडी काढायला निघालेला दिसतो. टोक वर आणि तोंड हसरं, की ‘द्या ना’ म्हणून लाडीगोडी लावणारा. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव मुलांनीच लिहावं, तुम्ही सुचवू नका. इमोजीवाल्या दोघांनाही हाच तक्ता द्या. उतरवायला समोर काही नसलं की हात आपोआप मोकळा होतो.

बिघडतं ते बहुतेक एकाच ठिकाणी. मुलं डोळे कपाळावर काढतात, मग भुवईला जागाच उरत नाही आणि ती केसांना चिकटते. डोळे गोलाच्या बरोबर मध्यावर आणि भुवई त्यांच्या वर निदान ४ मिमी, हे आधी पक्कं करून घ्या.

काळी_शाई
तक्ता उत्तम. दुसरा रविवार मात्र पूर्ण डोळ्यांना द्या आणि टिंबं बंद करा. डोळा म्हणजे गोल, आत बुबुळ आणि वर पापणीची रेघ. पापणी बुबुळाला अर्ध्यावर कापते तेव्हा झोप किंवा कंटाळा. बुबुळाच्या चारही बाजूंना पांढरं दिसतं तेव्हा आश्चर्य किंवा भीती. या दोघांची गल्लत फार होते. आश्चर्यात भुवया मोकळ्या कमानीसारख्या वर आणि तोंड उभं उघडं. भीतीत भुवया वर गेल्या तरी जवळ ओढलेल्या, जवळजवळ सरळ, आणि तोंड आडवं ताणलेलं.

हसण्याचंही तसंच. ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच दाखवलं होतं की मनापासूनच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायू आवळला जातो. कागदावर म्हणजे गाल वर, खालची पापणी वर चढलेली, बाहेरच्या कोपऱ्यात दोन बारीक रेघा. तोंडाची वाटी कितीही मोठी काढा, डोळे टिंबासारखे राहिले तर चेहरा फोटोसाठी हसल्यासारखाच दिसतो. पारख सोपी आहे. चित्राचा खालचा अर्धा भाग पोस्टकार्डाने झाका आणि बाकीच्या मुलांना भाव ओळखायला सांगा. ओळखू आला नाही तर दुरुस्ती डोळ्या-भुवईत करायची.

दर दोघांत एक छोटा आरसा द्या. एकाने तोंड करायचं, दुसऱ्याने ३० सेकंदांत काढायचं. खोडरबर त्या दिवशी पेटीतच राहू द्या, नाहीतर वेळ खोडण्यात जातो आणि कागद फाटतो. पेन्सिल २बी, हलक्या हाताने. नेहमीचा ७५ जीएसएमचा झेरॉक्स कागद सरावाला चालतो, पण स्केचपेन मागे फुटतं. शेवटच्या चित्रासाठी १०० जीएसएम किंवा त्याहून जाड घ्या. खजुरी बाजारात मिळून जाईल.

रेघोट्या_इंदूर
दोघांचेही आभार. काहींची ५-६ वर्षांची भावंडंही येऊन बसतात, त्यांना काय देऊ? आणि तिसऱ्या रविवारी?

पाटीपेन्सिल
धाकट्यांना काढायला लावूच नका. १५ सेंमीची कागदी ताटली, काळ्या कागदाच्या ३ सेंमीच्या दोन पट्ट्या भुवयांसाठी, तोंडाला १२ सेंमी लोकरीचा दोरा, आणि डोळे तुम्ही आधीच काढून ठेवलेले. पट्ट्या फिरवत राहतील. डिंक अजिबात देऊ नका, चिकटलं की खेळ संपला.

तिसऱ्या रविवारी चार चौकटी, एकच माणूस, शब्द एकही नाही. विषय ‘पोह्यांवर जिरावण (वरून भुरभुरायचा तिखट मसाला) जास्त पडलं’. पहिल्या चौकटीत आशेने पाहणारा, दुसऱ्यात घास तोंडात, तिसऱ्यात कळलं, चौथ्यात डोळ्यांना पाणी. सर्वांत कठीण तिसरी. तिथे तोंड बंदच ठेवायचं आणि फक्त भुवया-पापण्या बदलायच्या. मुलं घाईने तिथेच जीभ बाहेर काढतात, मग चौथ्या चौकटीत करायला काही राहत नाही.

काळी_शाई
गेरच्या चित्राबद्दल थोडं. राजवाड्यापाशी सगळे हसतच असतात असं मुलं धरून चालतात. आधी यादी करून घ्या: डोळ्यांत गुलाल गेलेला (डोळे घट्ट मिटलेले, नाकाकडे टोक असलेल्या दोन बाणांसारखे), अंगावर पाण्याचा फवारा येताना पाहणारा, गच्चीतून कुतूहलाने डोकावणारी आजी, बाबांच्या खांद्यावरचं घाबरलेलं पोर. प्रत्येकाने तीनच चेहरे काढावेत, पण तिन्हींच्या भुवया वेगळ्या हव्यात. रेघ वॉटरप्रूफ काळ्या पेनाने आधी आणि ती पूर्ण वाळल्यावर रंग. साध्या स्केचपेनची रेघ पाणी लागलं की पसरते. गुलाल गाल-कपाळावर भरपूर, डोळ्या-भुवयांच्या पट्ट्यात अगदी फिका.